क्रिसचं न्हाणं : इमोगिरीतल्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

इमोगिरीत येऊन आज तिसरा दिवस. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला, बांतुल जिल्ह्यात, मातराम राजघराण्याच्या समाध्यांच्या टेकडीखाली हे गाव आहे. टेकडीवरचं काम सुलतान आगुंगने १६३२ मध्ये सुरू केलं. मी राहते ते घर पायथ्याशी आहे. घरातले आजोबा पंचक्रोशीतल्या लोकांच्या क्रिस, म्हणजे पिढीजात कट्यारी, धुऊन देतात. त्यांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलं, तेव्हा या वहीत ते 'म्बाह काकुंग' आणि आजी 'म्बाह पुत्री'. जावात आजी-आजोबांना असंच म्हणतात. मला दोघंही 'म्बाक' म्हणतात, म्हणजे ताई.

काम सहा आठवड्यांचं. घराण्यात पिढ्यान् पिढ्या आलेल्या क्रिसची निगा राखताना कोणती वनस्पती कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी वापरतात ते बघायचं, नमुने दाबून ठेवायचे आणि पुण्यात धातूंचं जतन करणाऱ्यांना उपयोगी पडेल असं टिपण तयार करायचं. मी मुळात वनस्पतिशास्त्राची, धातूकडे नंतर वळले.

ज्यांनी क्रिस पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दुधारी कट्यार, पातं कधी सरळ तर कधी नागमोडी. पात्याला 'विलाह' म्हणतात, म्यानाला 'वारांग्का', मुठीला 'उकिरान'. लोखंडाचे थर आणि निकेल असलेल्या धातूचे थर एकावर एक ठेवून, घडी घालून ठोकतात. त्यातून पात्यावर जी नक्षी उमटते ती 'पामोर'. हे निकेल कधीकधी उल्केतून यायचं. प्रंबाननजवळ सापडलेली उल्का सुराकार्ताच्या राजवाड्यात नेऊन ठेवली होती, आणि तिचं लोखंड पात्यांत गेलं. २००५ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या क्रिसला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. इथल्या घरात मात्र ती वारसा वगैरे नसते. ती 'पुसाका' असते, म्हणजे वाडवडिलांकडून आलेली पूज्य वस्तू, आणि तिला 'क्याइ' म्हणतात. आपण थोर माणसाच्या नावामागे 'राव' लावतो, साधारण तसं.

धुण्याच्या विधीला शब्द आहे 'जमासान'. आज म्बाह पुत्रींनी तो समजावला. 'जमास' म्हणजे केस धुणं, डोक्यावरून पाणी घेणं. साध्या अंघोळीचा शब्द वेगळा. मी एकदम थांबले, कारण मराठीतही हाच फरक आहे. अंघोळ रोजची, आणि केसांवरून घेतलं की ते न्हाणं. तिथे रिठे-शिकेकाई, इथे भाताच्या पेंढ्याच्या राखेचं पाणी. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : क्रिसचं न्हाणं.

१६ जून, सोमवार

बेरिंगहार्जो बाजार. म्बाह पुत्रींबरोबर पहाटे निघाले. त्यांच्या पिशवीत काय काय गेलं ते क्रमाने लिहिते, कारण त्या ज्या क्रमाने घेत होत्या त्याच क्रमाने ते वापरलं जाणार आहे.

आधी जून नारळ, पाण्यासाठी. खोबऱ्याशी कर्तव्य नाही, ते त्या संध्याकाळच्या भाजीला ठेवतात. मग 'पाचे'. टोपलीतून ते बाहेर आलं तेव्हा आधी वास ओळखला. हे आपलं आल, कोकणात बारतोंडी म्हणतात ते, मोरिंडा सिट्रिफोलिया. फोडांनी भरलेलं, पिकलं की पांढरट पारदर्शक होणारं फळ. आंबलेल्या चीजसारखा त्याचा वास हेक्झानोइक आणि ऑक्टानोइक या आम्लांचा. याच झाडाच्या मुळातून लाल रंग निघतो. जावाच्या बाटिकचा जुना लाल तोच, आणि आपल्याकडे आलाची मुळं लाल रंगासाठीच प्रसिद्ध होती.

मग 'जेरुक निपिस', म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्या एकेक लिंबू नखाने खरवडून वास घेत होत्या. साल पातळ आणि रस भरपूर हवा. नंतर 'लेराक', सॅपिंडस रारक, आपल्या रिठ्याचा सख्खा भाऊ. वाळलेली, तांबूस तपकिरी, चिकट गराची फळं. याच फेसात इथे बाटिक धुतात, कारण साबणाने नैसर्गिक रंग उतरतात. मला आमच्या गल्लीतले सोनार आठवले. रिठ्याच्या पाण्यात दागिना टाकून ब्रशने हलकेच घासायचे आणि तोंडाने फुंकर मारायचे.

शेवटी फुलं आणि तेलं. म्हणाल्या, फुलं आजची नाहीत, फक्त दाखवायला घेतली. खऱ्या दिवशी ताजी घ्यायची.

१९ जून, गुरुवार

सरावासाठी दोन पाती मिळाली आहेत. दोन्ही नवी, बाजारात विकायला म्हणून ठोकलेली, कुणाची पुसाका नाहीत. पुसाकांना सुरो, म्हणजे जावानीज वर्षाचा पहिला महिना, लागेपर्यंत हात लावायचा नाही. अशा पात्यांवर मात्र कधीही काम करता येतं.

पहिल्या पात्याची मूठ काढली. पात्याला खाली 'पेसी' नावाची शेपटी असते, ती मुठीच्या लाकडात नुसती बसवलेली असते. म्बाहनी मूठ न ओढता हलकेच पिळून सोडवली. मग अर्ध्या चिरलेल्या जाड बांबूच्या पन्हळीत पातं ठेवलं, वरून दोन नारळांचं पाणी आणि चिरडलेली तीन पाचे. या पन्हळीला 'ब्लांदोंगान' म्हणतात. वर केळीचं पान झाकलं.

मी विचारलं, किती वेळ? म्हणाले, "आलोन-आलोन." सावकाश. दोन रात्री तरी.

नारळपाण्यात पीएच पट्टी बुडवली. पाच आणि साडेपाच यांच्या मधला रंग. इतकं सौम्य आम्ल गंज कसा काढणार, असं मनात आलं. संध्याकाळी पुन्हा बघितलं तर पाणी गढूळ झालं होतं आणि कडेला बारीक बुडबुडे धरले होते. साखर आंबायला लागली आहे. म्हणजे आम्ल बाहेरून एकदम ओतायचं नाही, ते पन्हळीतच हळूहळू तयार होतं.

दुसरं पातं मी माझ्या हिशेबाने करायचं ठरवलं. लिंबाच्या रसात साधारण सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं, आणि सायट्रेट लोखंडाला पकडून ठेवतं हे तर पाठ्यपुस्तकात आहे. मग दोन दिवस नारळपाण्यात का घालवायचे? गाळलेल्या रसात काल रात्री पूर्ण बुडवून ठेवलं. दोन तासांनी काढणार होते.

काढायचं राहिलं. प्रवासाचा शीण होता, झोप लागली. पहाटे पाच वाजता जाग आली तेव्हा अकरा तास झाले होते. रस हिरवट काळा पडला होता. गंज गेला होता, सगळा गेला होता. टोकाची चार-पाच मिलिमीटर लांबी खरखरीत होऊन पातळ झाली होती, आणि एका बाजूला जिथे दोन थर एकमेकांत ठोकले होते तिथे केसाएवढी फट उघडली होती. भिंग लावलं तर त्या फटीत आम्ल शिरून आतून खाल्लेलं दिसत होतं.

हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो. सरावाचं असलं तरी कुणीतरी ते ठोकून केलं होतं.

२१ जून, शनिवार

म्बाह काकुंगना कालच दाखवलं. ते रागावले नाहीत. पातं दोन्ही हातांवर घेऊन उजेडाकडे धरलं, फटीवर अंगठ्याचं नख फिरवलं आणि मला म्हणाले, "लिंबाला भूक फार. त्याला कुणीतरी 'चेकाप' म्हणावं लागतं. नारळाला म्हणावं लागत नाही."

चेकाप म्हणजे पुरे. आदराच्या जावानीज बोलीतला शब्द. आज दिवसभर त्यावरच विचार करते आहे, कारण माझ्या सहा आठवड्यांच्या कामाचं सूत्र त्यात आहे असं मला वाटतं. या वनस्पतींचं कसब गंज काढण्यात फार नाही. गंज काढायला दुकानात दहा बाटल्या मिळतात. कोणती वस्तू आपणहून थांबते, कोणती थांबत नाही, आणि थांबत नाही तिच्यापाशी माणूस किती वेळ जागा बसतो, यात ते कसब आहे. धुतलेल्या प्रत्येक वेळी पात्यातलं थोडं लोखंड जातंच. योग्याकार्तातल्या सोनोबुदोयो संग्रहालयात (हे १९३५ पासून आहे) मी जुनी पाती जवळून बघितली. काहींच्या कडा कागदासारख्या झाल्या आहेत. कुणाच्या तरी भक्तीने त्या झिजल्या.

आज नारळपाण्यातलं पातं काढलं. वास असह्य. गंज मऊ होऊन ओल्या चहापत्तीसारखा बोटाला लागत होता. त्यावर मग लिंबू. अर्धं कापलेलं लिंबू मुळाकडून टोकाकडे, एका दिशेने, फार दाब न देता. पाच-सहा वेळा फिरवलं की पाणी, मग लेराकचा फेस, मऊ ब्रश, पुन्हा पाणी. मग उजेडात बघायचं. मग पुन्हा लिंबू. म्बाह प्रत्येक फेरीनंतर पातं बघत होते, प्रत्येक वेळी, जणू पहिल्यांदाच. याला 'मुतिह' म्हणतात, पांढरं करणं. पाचव्या फेरीनंतर पातं फिकं राखाडी झालं, त्यावर एकही डाग नाही, आणि नक्षी जवळपास नाहीशी. नवख्या माणसाला वाटेल सगळं पुसून गेलं.

लेराकचं काम आज कळलं. तो तेल-मळ काढतो हे खरंच, पण लिंबाच्या दोन फेऱ्यांमध्ये तो आम्ल पुढे जाऊ देत नाही. फेसाने धुतलं की पात्यावर रस उरत नाही. म्हणजे तोही 'चेकाप' म्हणणाराच.

धुऊन झाल्या झाल्या पातं कापडाने कोरडं केलं आणि पंख्यापुढे धरलं. इथल्या हवेत ओलं लोखंड दहा मिनिटांत पिवळं पडायला लागतं.

२३ जून, सोमवार

नमुने दाबले : लेराकची फळं दोन, पाचेची फांदी, निपिसचं पान व फूल. पाचेचं फळ दाबता येत नाही, स्पिरिटमध्ये ठेवलं. बाकी काही नाही. पाऊस नाही, कोरडा हंगाम लागला आहे.

२७ जून, शुक्रवार

सुरोची पहिली तारीख. जावानीज वर्ष १९५९.

वर्षाचा आकडा मराठी माणसाने थोडा वेळ बघत राहावा असा आहे. आपलं शके १९४७ चालू आहे. इथलं १९५९. दोन्हींचं मूळ एकच. जावातही शक संवत होता. सुलतान आगुंगने १६३३ मध्ये, म्हणजे शके १५५५ मध्ये, वर्ष हिजरी पद्धतीने निव्वळ चांद्र केलं, पण वर्षांची मोजणी शून्यावर आणली नाही. १५५५ च्या पुढे तशीच चालू ठेवली. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे गेल्या ३९२ वर्षांत ते आपल्या शकापेक्षा बारा वर्षं पुढे गेलं. सुरो म्हणजे मुहर्रम. पात्याला न्हाऊ घालायचा महिना हाच.

आजची तिथी विशेष. इथे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचा बाजार-आठवडाही चालतो : लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आजचा शुक्रवार क्लिवोन आहे. काल रात्री योग्याकार्तात हजारो लोक राजवाड्याच्या तटबंदीभोवती मूक चालले, एक शब्द न बोलता. सुराकार्तात पांढऱ्या म्हशींची मिरवणूक निघते. मी गेले नाही. म्बाहच्या घरी रात्रभर माणसं येत होती, पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या क्रिस घेऊन. प्रत्येकजण आत येताना पुसाका दोन्ही हातांनी कपाळाला लावायचा. म्बाह घ्यायचे, तेही कपाळाला लावायचे, आणि मग एका वहीत पेन्सिलने एक ओळ. सकाळपर्यंत अठरा क्रिस.

कोपऱ्यात ऊद जळत होता. इथे 'केमेन्यान' म्हणतात. सुमात्राच्या डोंगरातल्या झाडांचा डिंक. आपल्याकडे लोबान म्हणतात त्याचं अरबी नाव 'लुबान जावी', जावाचा धूप. आमच्या आजोळी गुरुवारी संध्याकाळी जो धूर व्हायचा तो या बेटांवरून यायचा, हे मला आज कळलं. डोळे भरून आले ते धुरानेच असं नाही.

३ जुलै, गुरुवार

वारांगन.

वारांगन हे आर्सेनिकचं खनिज. आपल्याकडे हरताळ आणि मनशीळ या नावांनी वैद्यांना आणि चित्रकारांना माहीत असलेल्या कुटुंबातलंच. ते बारीक कुटून गाळलेल्या लिंबाच्या रसात ठेवतात. आठवडे, महिने. हळूहळू आर्सेनिक रसात उतरतं. म्बाहची बरणी त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची आहे. ती कधी रिकामी करत नाहीत, रस कमी झाला की नवा घालतात. विरजण जपावं तशी जपलेली. बरणी वर मांडणीवर, कुलपात, आणि घरातल्या मुलांना त्या खोलीत येणं बंद.

आज सरावाच्या पात्याला वारांगन दिलं. दोन पद्धती असतात. एकीत पातं रसात बुडवून ठेवतात. दुसरीला 'न्येक' म्हणतात, त्यात रस बोटांच्या चिमटीने पात्यावर चोळत न्यायचा. म्बाह न्येक करतात, कारण बुडवलेल्या पात्यावर नजर राहत नाही. मी दोन हातमोजे एकावर एक घातले आणि तोंडाला पट्टी. म्बाह उघड्या हातांनी करत आले आहेत. मी काल संध्याकाळी त्यांच्यापुढे हातमोज्यांची पेटी ठेवली आणि आर्सेनिक कातडीतून काय करतं ते जमेल तेवढ्या इंडोनेशियनमध्ये सांगितलं. ते ऐकत राहिले. आज त्यांनी उजव्या हाताचा घातला. डाव्या हातात पातं धरायचं असतं, तो हात उघडा ठेवला. म्हणाले, त्या हाताला ऐकू यावं लागतं.

मग जे झालं ते लिहिताना घाई करणार नाही.

राखाडी पातं. त्यावर फिकट पिवळसर रसाचे थेंब. अंगठा आणि तर्जनीची चिमूट मुळापाशी, आणि अगदी हळू टोकाकडे. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत काही नाही. तिसऱ्यात मधोमध एक धूसर छटा, पाटीवर ओल्या बोटाने पुसल्यासारखी. पाणी, लेराक, पाणी, कोरडं, पुन्हा रस. सहाव्या फेरीला लोखंड निळसर काळं व्हायला लागलं आणि त्यातून दाणे वर आले. पांढरे, चंदेरी, विखुरलेले. जणू कुणी अंगणात तांदूळ सांडले. या पामोरचं नावच 'वोस वुताह', सांडलेले तांदूळ. आर्सेनिकचा काळा थर लोखंडावर बसतो, निकेल असलेल्या थराला धरत नाही. तेवढंच कारण. पण नक्षी येते ती लिंबाने सगळं पांढरं केल्यावरच.

आठव्या फेरीनंतर म्बाह थांबले. मला अजून थोडं काळं हवं होतं. पुढे गेलं की पांढरे दाणेही मळकट होतात, असं ते म्हणाले. "चेकाप."

वापरलेला रस मी वेगळ्या बाटलीत घेतला आहे, चिठ्ठी लावून. इथे तो आतापर्यंत परसात ओतला जायचा. विहीर वीस पावलांवर आहे. याबद्दल म्बाहशी बोलायचं आहे, आणि ते नीट बोलायला हवं. टिपणात ही गोष्ट मी पहिल्या पानावर घालणार.

४ जुलै, शुक्रवार

बोलणं झालं. बाटली शहरातल्या एका प्रयोगशाळेत द्यायची सोय मी करते आहे. म्बाहनी विहिरीकडे बघितलं आणि मान हलवली. यापुढे सांडपाण्यासाठी झाकणाचा डबा ठेवणार. म्बाह पुत्रींनी तो संध्याकाळीच आणला, निळ्या रंगाचा.

८ जुलै, मंगळवार

फुलं. आज म्बाह पुत्रींचा दिवस.

धुतलेल्या पात्यावर शेवटचं पाणी फुलांचं असतं, 'केंबांग सेतामान', बागेतली फुलं. चार असतात. गुलाब. 'मेलाती', म्हणजे आपला मोगरा, जास्मिनम सॅम्बॅक, इंडोनेशियाचं राष्ट्रीय फूल. 'कांतिल', पांढरा चाफा, ज्याच्या पूर्वजांत आपला सोनचाफा आहे. आणि 'केनांगा', काननगा ओडोराटा, पिवळट हिरव्या लोंबत्या पाकळ्यांचं. हे आपल्याकडे घरोघरी नसतं, पण सीताफळाच्या कुळातलं आहे, आणि त्याच कुळातला आपला हिरवा चाफा ज्याने हुंगला आहे त्याला त्या गोडीचा अंदाज येईल.

मी म्बाह पुत्रींना सरळ विचारलं, फुलांच्या पाण्याने लोखंडाला काय होतं? त्यांनी सरळ उत्तर दिलं. लोखंडाला काही होत नाही. ज्याच्या हातात ते परत जायचं आहे त्याला होतं. माणूस पुसाका नाकाजवळ नेतो तेव्हा त्याला लिंबाचा आणि विषाचा वास यायला नको.

हे मी टिपणात जसंच्या तसं घालणार आहे. जतनशास्त्रात आपण वस्तूचाच विचार करतो. ती कुणाच्या कपाळाला लागणार आहे याचा रकाना आपल्या तक्त्यात नसतो. आपल्याकडे खंडेनवमीला तलवार पुसून झेंडूची माळ घालतात तेव्हा झेंडू पोलादाचं काय करतो असं कुणी विचारत नाही, आणि तरी झेंडूशिवाय ती पूजा होत नाही.

गुलाब आणि मोगरा गाळून टाकतात. पाकळी पात्याला चिकटून राहिली तर तिथे डाग पडतो, म्हणून पाणी कापडातून जातं.

११ जुलै, शुक्रवार

तेल. इथे माझं आणि म्बाहचं मत वेगळं असेल असं वाटलं होतं, झालं उलटंच.

पूर्वी खोबरेल लावायचे. म्बाहच्या कपाटात वडिलांनी वापरलेली एक बाटली आहे, तळाशी मधासारखा चिकट थर. वनस्पती तेलं हवेत हळूहळू घट्ट होतात, खवट होतात, म्यानात धूळ धरतात. खोबरेल त्यातल्या त्यात सावकाश, पण होतंच. म्बाह वीस-एक वर्षांपासून शिवणयंत्राचं पातळ तेल वापरतात आणि त्यात चंदन, मोगरा आणि केनांगाच्या तेलांचे थेंब टाकतात. चंदनतेल महाग, म्हणून सगळ्यात कमी. तोच सँटॅलम अल्बम, तिमोर आणि सुम्बा बेटांवरचा. त्यातलं सँटॅलॉल लवकर उडून जात नाही, त्यामुळे धातूवर ते निमूट राहतं.

मी थेंब मोजायचा आग्रह धरला. म्बाह नाकाने मोजतात. मी तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला. म्हणून टिपणात आकडा नाकाच्या साक्षीने लिहिते : शंभर मिलिलिटरला एकूण बारा थेंब.

लावायची पद्धत : मऊ ब्रशने पातळ, मग तलम कापडाने पुन्हा पुसून काढायचं. पात्यावर फक्त ओलसर चमक राहायला हवी. जास्त तेल म्यानाच्या लाकडात मुरतं.

१५ जुलै, मंगळवार

बान्युसुमुरुपला जाऊन आले. इमोगिरीच्या जवळचं गाव, घराघरात क्रिसचं म्यान, मूठ, धातूचं कवच करणारे लोक. वनस्पतींच्या यादीत लाकडं यायलाच हवीत, कारण पातं वर्षभर त्यांच्या पोटात झोपतं.

'तिमोहो' लाकडावर काळे-तपकिरी डाग असतात, त्याला 'पेलेत' म्हणतात. क्लाइनहोव्हिया हॉस्पिटा. डाग जितका विचित्र तितकी किंमत जास्त. चंदनाचं म्यान पात्याला आपला वास देतं. 'केमुनिंग' म्हणजे आपली कुंती, कुंपणाला लावतो ती. तिचं लाकूड एवढं पिवळं आणि घट्ट असतं हे मला कुंपण कापणाऱ्या कुणी कधी सांगितलं नव्हतं. रोजच्या वापरातल्या म्यानाच्या आकाराला 'गायामान' म्हणतात, गायाम या झाडाच्या फळासारखा म्हणून. पामोरची नावंही झाडांचीच : 'ब्लाराक ङिरिद' नारळाची झावळी, 'मायांग मेकार' उमललेला पोफळीचा तुरा, 'केनांगा गिनुबाह' केनांगा फूल.

एका कारागिराने जुनं म्यान उघडून दाखवलं. आत काळा, तुपकट पट्टा, आणि नेमक्या तिथेच पात्यावर गंज. जास्त तेलाने गंज. भिंगातून बघत असताना तो शेजारी गप्प उभा होता.

२२ जुलै, मंगळवार

मंगळवार क्लिवोन. सुरोतला न्हाणाचा मोठा दिवस. राजवाड्यातल्या मुख्य पुसाकांचं न्हाणं बंद दारांआड होतं. बाहेर रथसंग्रहालयात 'न्याइ जिमात' हा जुना रथ धुतात आणि ते पाणी घ्यायला लोक बाटल्या घेऊन उभे राहतात. आम्ही इमोगिरीतच होतो.

म्बाह काकुंगनी आज स्वतःच्या घरची क्रिस काढली. इतके दिवस गावाच्या झाल्या, घरची शेवटी. सात वळणांची, टोकाकडे फार पातळ. पांढऱ्या कापडातून काढून कपाळाला लावली, म्बाह पुत्रींनी लावली, मग माझ्यापुढे धरली. मी लावली. धातू थंड होता आणि गेल्या वर्षीचा चंदनाचा वास अजून होता.

गंज फार नव्हता. नारळपाण्यात एकच रात्र ठेवली होती, पाचे न घालता. म्बाहनी लिंबू कापलं आणि माझ्या हातात दिलं. मी मुळाकडून टोकाकडे नेलं. टोकापाशी आल्यावर माझा हात आपोआप हलका झाला. लेराक. पाणी. उजेड. पुन्हा लिंबू. तीन फेऱ्या झाल्या. मुळाशी, जिथे पात्याच्या बुडाचा आडवा तुकडा, 'गांजा', बसवलेला असतो, तिथे सांध्यात तिळाएवढा तांबूस डाग उरला होता. बाकी सगळं पातं स्वच्छ.

म्बाहनी विचारलं, "पिये, म्बाक?" काय म्हणता?

मी भिंग लावलं. डाग कोरडा होता, पसरत नव्हता. सांध्यात लिंबू गेलं तर परत बाहेर येणार नाही. सरावाच्या पात्यातली ती फट डोळ्यापुढे आली. मी म्हटलं, "चेकाप."

त्यांनी पातं हातात घेतलं, डागाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग लेराकच्या फेसात बुडवलं.

वारांगन पाच फेऱ्या. दोन्ही हातांत मोजे घातले होते, मी काही बोलले नव्हते. फुलांचं पाणी म्बाह पुत्रींनी ओतलं. तेल मी लावलं आणि पुसून काढलं. सात वळणांवर उन्हाची तिरीप पडली तेव्हा झावळीच्या पात्यांसारख्या रेषा खालपासून वरपर्यंत उभ्या राहिल्या. ब्लाराक ङिरिद. माझ्या वहीत हे नाव गेल्या आठवड्यापासून होतं.

मूठ पिळून बसवली, म्यानात घातली, नव्या कापडात गुंडाळली. संध्याकाळी भात, कोंबडी आणि खोबऱ्याची भाजी.

२३ जुलै, बुधवार

आर्सेनिकच्या रसाच्या दोन बाटल्या प्रयोगशाळेत पोचवल्या, पावती घेतली. निळा डबा धुऊन जागेवर ठेवला. लेराकच्या उरलेल्या फळांतली बी काढून कागदात बांधली. गांजाच्या सांध्यातल्या डागाचा फोटो काढला आहे, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुढच्या सुरोत म्बाह त्याच जागेचा फोटो पाठवणार आहेत.